आत दुमडलेलं कापड

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

ढोल्याचा साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातून. प्रत्यक्षात अजून वाकायला बंदी आहे.

काल दवाखान्यातून घरी आलो. फोन करणार होतो, पण फोनवर तू "अं? काय? मोठ्यानं बोल" करणार, मी ओरडणार आणि माझे टाके उसवणार. तुझ्या कानांशी भांडण्यापेक्षा कागद बरा.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली आणि शिवून टाकली. मी विचारलं, "डॉक्टर, शिलाई दुहेरी मारलीत ना?" ते म्हणाले, "मास्तर, शिवणं आमचं, उसवणं तुमच्या हातात." माणूस बेरकी आहे.

तुला वाटतं, या वयात मी बारीक दिसायच्या हौसेनं हे केलं. नाही गं. साखर वाढलेली, गुडघे शिलाई मशीनच्या पॅडलला नाही म्हणायला लागलेले. विजारीची उंची मोजायला खाली बसलो की उठवायला गिऱ्हाईकच लागायचं. मागच्या हिवाळ्यात बँकेतल्या साहेबांनी मला काखेत धरून उभं केलं आणि वर विचारलं, "मास्तर, माप माझंच घेताय ना?" सगळं दुकान हसलं. मीही हसलो. त्याच दिवशी ठरवलं.

आता नियम ऐक. दवाखान्यात आहाराच्या एक बाई आहेत, मी त्यांना वाटीवाली म्हणतो. सध्या नुसतं पातळ सूप. पुढे एक लहान वाटी, बस्स. आधी अंडं, मासा, डाळ असलं ताकदीचं. जागा उरली तर बाकीचं. घास इतका चावायचा की चव कंटाळून निघून जावी. जेवताना पाणी नाही. गोळ्या जन्मभर.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. भूक लागत नाही, ताई. भूक लागत नाही, पण हात ताटाकडे जातो. तुझी भावजय समोर जेवते तेव्हा मी खिडकीतून रस्ता बघत बसतो, जसं काही तिकडे सर्कस आली आहे. जन्माची सोबत सुटल्यासारखं वाटतं.

तेव्हा हात जोडून सांगतो, बिस्किटांचा डबा पाठवू नकोस.

तुझा ढोल्या


२३ फेब्रुवारी

चि. ढोल्यास अनेक आशीर्वाद.

डबा पाठवून झाला होता. खालच्या मजल्यावरच्या बाई पोस्टात नोकरीला होत्या, त्यांच्या ओळखीनं वाटेतून परत मिळवला. बिस्किटं त्यांनाच दिली. चांगली झाली होती म्हणे. जळ आता.

वाटीभर! अरे, कारखान्याच्या कँटीनमध्ये वाटीभर तर मी मीठ बघायला घ्यायचे. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी, आणि जो "नको" म्हणेल त्याच्या ताटात एक पळी जास्त. कामगारांची सगळी पाळी माझ्या हातचं जेवून उठायची. आणि माझ्याच भावाला आता "नको" म्हणायला शिकवताहेत.

दोन दिवस रागात होते. मग आठवलं. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. कँटीनमधलं उरलेलं मी घरी आणायचे, आपण एका ताटात जेवायचो. मधोमध चमच्यानं रेघ ओढायची आणि म्हणायचं, "जितकं तुला, तितकं मला." तू त्या रेघेवर पोलिसासारखा डोळा ठेवायचास. तरी मी ती माझ्या बाजूला सरकवायचेच. तुला कधी कळलं नाही. पोटाला मात्र कळत होतं!

तर तोच नियम पुन्हा. तू तिकडे वाटीभर, मी इकडे वाटीभर. आपल्या त्या पोचे आलेल्या दोन वाट्या आहेत ना, त्यातली एक पाठवते आहे. दुसरी माझी. एकट्यानं कमी खाल्लं तर शिक्षा. दोघांनी खाल्लं तर बेत.

मी काय, नाहीतरी एकटीच असते.

ताई


२० एप्रिल

ती. ताईस,

वाटी पोचली. वाटीवालीला नेऊन दाखवली. त्या म्हणाल्या, "अगदी हीच हवी होती, कुठून घेतलीत?" म्हटलं, "वारसा हक्कानं."

आता गंमत ऐक. काल बँकेतले साहेब कोट टाकायला आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचे थोरले बंधू नाहीत का दुकानात? ते जाडे मास्तर?" मी म्हटलं, "ते वारले." बिचारे टोपी काढून उभे राहिले! शेवटी मी खाली बसून त्यांच्या विजारीचं माप घेतलं आणि कुणाचा हात न धरता उठलो, तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं.

माझ्या सगळ्या विजारी आत घेतल्या. तुझी भावजय म्हणाली, "जादा कापड कापून टाका, शिवणीत बोळा होतो." मी नाही कापलं. शिवणीच्या आत माया ठेवल्याशिवाय मला शिवता येत नाही. गिऱ्हाईकाचं अंग कधी कसं बदलेल सांगता येत नाही. हे मला धंद्यानं शिकवलं, आणि आता पोटानंही.

तू मात्र हे वाटीचं खूळ सोड. तू आधीच काडी. माझ्यापायी तू कशाला उपाशी? वाटी लहानपणची असली तरी नियम लहानपणचा नको.

ढोल्या


३ मे

चि. ढोल्यास,

वारलास काय मेल्या! असं बोलू नये. पण हसले. खालच्या बाईंना वाचून दाखवलं, त्या पण हसल्या.

भावजयीचं ऐक. ते कापड काप. मागे जागा शिल्लक आहे हे माहीत असलं की माणूस मागे सरकतो. कँटीनमध्ये मी हेच बघितलं. ताट मोठं दिलं की माणसं मोठं जेवतात.

मी उपाशी वगैरे नाही. तुझं पत्र टेबलाच्या समोरच्या बाजूला ठेवते, वाटी पुढ्यात घेते आणि सावकाश जेवते. हल्ली घट्ट घास उतरायला वेळच लागतो, म्हणून सूप नाहीतर दुधात मऊ केलेला पाव. म्हणजे थेट तुझाच बेत झाला की नाही? कपडे जरा सैल झालेत. बाई म्हणतात, चेहरा छान निघालाय.

पुढचं पत्र उशिरा येईल. डोळ्यांचा त्रास आहे, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावं लागणार आहे.

ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,

जून-जुलैत तुझं एकच कार्ड, तेही तुझ्या खालच्या बाईंच्या अक्षरात. डोळे कसे आहेत? चष्मा बदलला का? पैसे लागले तर लाजू नकोस.

इथं सणासुदीची सराई. श्वास घ्यायला फुरसत नाही. समोर नवीन दुकान झालंय, थंड घोटलेलं दूध देतात, चॉकलेटचं, केळ्याचं. पोऱ्या दुकानात आणून देतो, कामात खंड पडत नाही. बाकी सगळं ठीक. वाटी चालू आहे.

वाटीवालीकडे जायचं राहिलंय. सराई संपली की जाईन.

ढोल्या


१४ सप्टेंबर

चि. ढोल्यास,

डोळे बरे आहेत. तुझ्यावर रोखून बघण्याइतके नक्की.

विजार कुठे गेली? आधीच्या पत्रात विजारीशिवाय दुसरा विषय नव्हता. या पत्रात दूध आहे, सराई आहे, विजार नाही. वाटी चालू आहे म्हणतोस. वाटी चालू असेल रे, पण दोन वाट्यांच्या मधे काय चालू आहे?

मी सांगते. घट्ट खाल्लं की छातीशी अडतं, माणूस घाबरतो. मग पातळ घ्यावंसं वाटतं. पातळ गोड असेल तर सरकन जातं, आणि काहीतरी पोटात गेल्याचं समाधान होतं. मला हे चांगलं ठाऊक आहे. पण तुझं दूध तुला पोसत नाही, फुगवतं. तुझं पोट डॉक्टरांनी लहान केलंय, ते आपली अक्कल वापरू शकत नाही. ती तुलाच वापरायची.

उद्याच्या उद्या वाटीवालीकडे जा. लाजू नकोस. पळी हातात असलेल्या बाईला उपाशी आणि अधाशी दोन्ही माणसं दुरून कळतात, आणि ती कुणालाच हाकलत नाही.

दुसरं एक काम. तू दुकान टाकलंस तेव्हा मला शिवून दिलेला राखाडी कोट पाठवते आहे. तो मी खालच्या बाईंना देऊन टाकला. त्या अंगानं फारच बारीक आहेत, त्यांना तो लोंबतो. माप सोबत लिहिलं आहे, तू शिकवलंस तसं, दोन्ही खांदे वेगवेगळे मोजून. थंडी पडण्याआधी आत घेऊन दे. त्यांना दवाखान्यात जावं यावं लागतं.

ताई


२ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझं पत्र दुकानात वाचलं. वाचताना हातात चॉकलेटच्या दुधाचा पेला होता. आता तूच सांग, असल्या बहिणीपासून माणसानं लपवायचं कुठं?

सगळं तू लिहिलंस तसंच झालंय. सुरुवात एका घासानं झाली. मासा अडकला, छाती भरून आली, मोरीवर वाकून उभा राहिलो. नंतर आठवडाभर घट्ट खायची भीती. मग दूध. मग दुधासोबत बिस्किटाचा तुकडा, तो विरघळतो म्हणून. मग दिवसभर तुकडेच. वाटी मात्र नेमानं भरायचो, तुझ्या भावजयीच्या समोर. एक दिवस दुकान बंद केल्यावर विजार काढून शिवण उसवली आणि आतलं कापड बाहेर घेतलं. स्वतःच्याच दुकानात चोरासारखा उघडा बसलो होतो, ताई.

वाटीवालीकडे जाऊन आलो. वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मासा किती घाईत खाल्लात?" म्हटलं, "गिऱ्हाईक उभं होतं." त्या म्हणाल्या, "मग गिऱ्हाईकाला बसायला खुर्ची ठेवा." एवढंच. दूध बंद, तुकडे बंद, खुर्ची ठेवली. घरी येऊन सगळ्या विजारी पुन्हा आत घेतल्या आणि जादा कापड कापून तुझ्या भावजयीच्या हातात दिलं. तिनं त्याची भांडी धरायची फडकी केली.

आता कोट.

काल तू पाठवलेलं माप घेऊन टेबलावर बसलो. छाती, कंबर, बाही. मनात म्हटलं, बाई की बाहुली? मग खांदे आले. डावा उजव्यापेक्षा बोटभर उतरता.

ताई, मी जन्मभर खांदे मोजलेत. दप्तरानं उतरलेला खांदा वेगळा, ओझ्यानं उतरलेला वेगळा. हाच कोट पहिल्यांदा शिवला तेव्हा डावीकडे आतून गादी घातली होती, उतार दिसू नये म्हणून. तू म्हणाली होतीस, "बादलीनं नेला तो, राहू दे." तुझं माप मला कागदावर बघावंच लागत नाही.

पोस्टातल्या बाईंनी कुठली बादली उचलली गं?

या कोटात कोण आहे ते लिही. उत्तराची वाट बघणार नाही, शनिवारच्या गाडीनं निघतो आहे. पण लिही. तोंडावर तू टाळशील, आणि तुझ्या कानात ओरडून हे विचारायची माझी छाती नाही.

ढोल्या


५ ऑक्टोबर

चि. ढोल्यास,

मापात खोटं लिहायचं नसतं हे तूच शिकवलंस. बाई म्हणत होत्या, दोन्ही खांदे सारखे लिहा. माझ्या हातानं ते होईना.

अन्ननलिकेत गाठ आहे, वाईट जातीची. तुझं घरी आल्याचं पत्र आणि माझ्या तपासणीचा कागद एकाच आठवड्यात आले. घास त्याआधीपासूनच अडत होता. तुला सांगितलं असतं तर तू टाके सांभाळत इथं धावत आला असतास. डोळ्यांना काही झालं नव्हतं. मे-जूनमध्ये मशीनखाली झोपून शेक घेत होते. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता नळीनं अन्न घालू म्हणतात. मी नको म्हटलं. बघ, मीही "नको" शिकले.

तुझ्या मनात आत्ता काय चाललंय ते मला इथं ऐकू येतंय, बहिरी असून. ताई माझ्यापायी वाटीभर जेवली आणि झिजली, असं ना? उलट आहे रे. वाटीभर तेव्हाच मला जड जात होतं. ज्या बाईनं सगळा कारखाना जेवू घातला, तिला स्वतःला घास उतरत नाही, हे लोकांना सांगायची लाज वाटायची. तुझं पत्र आलं आणि मला बोलायला जागा मिळाली. कुणी विचारलं की सांगायचे, "भावाबरोबर पथ्य आहे माझं." मान वर राहायची. टेबलाच्या पलीकडे तू असायचास. आजारी माणसासारखं मी एकदाही जेवले नाही.

म्हणून तू दूध पिऊ लागलास तेव्हा मला राग नाही, भीती वाटली. वाटलं, आता मी एकटीच उरले वाटीपाशी.

ये. कोट घेऊन ये, खिडकीशी बसलं तरी गार लागतं. रडायचं असेल तर गाडीत रडून घे. आणि एक शब्द मला देऊन ठेव. मी गेल्यावर घर तुला खायला उठेल आणि तू ताटाकडे जाशील. दुःख तोंडावाटेच आत शिरतं, आपल्या घरात तर नक्कीच. तेव्हा वाटी काढ, तेवढं खा आणि ऊठ.

ताई


१८ डिसेंबर

खालच्या मजल्यावरच्या बाईंस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेली ताईची वाटी मिळाली. आता दोन्ही माझ्याकडे आहेत. एकीत जेवतो, दुसरी समोर ठेवतो. घरची दोन्ही घासून ठेवते.

त्या दिवसांत तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो, ते तुम्हाला चमत्कारिक वाटलं असेल. राग मानू नका. "अंगानं फारच बारीक" म्हणून तुमच्या नावावर जे माप आलं होतं, त्यात तुमचा एक दंडही मावला नसता. जिना चढताना मला हसू येत होतं आणि तरी मी प्रत्येक पायरीवर थांबत होतो.

तुम्ही दुपारी औषधं आणायला जायचात तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. आम्ही दोघं एकाच वाटीत जेवायचो. सूप आटवून घट्टसर करायचो आणि ती चमच्यानं मधे रेघ ओढायची. रेघ वाकडी यायची, पण ओढायचीच. शेवटच्या आठवड्यात तिनं रेघ स्वतःकडे सरकवली, पूर्वीसारखी. तिच्या बाजूला जेमतेम चमचाभर, बाकी सगळं माझं. मी माझ्या वाट्याचं अर्धं खाल्लं आणि चमचा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिनं वाढलेलं टाकलं. मला वाटलं, तिचं मन मोडलं. तिनं वाटी जवळ ओढून आत पाहिलं. मग म्हणाली, "शिकलास रे." तिला खूप आनंद झाला होता, बाई. मी मोरीवर जाऊन वाटी धुतली, बराच वेळ धुतली.

ती गेल्यावर कारखान्यातली म्हातारी माणसं आली, तुम्ही पाहिलंतच. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. टेबल भरून गेलं. प्रत्येक जण म्हणत होता, "थोडं घ्या, तिनं आम्हाला कधी उपाशी उठू दिलं नाही." त्या टेबलापाशी बसून मला सगळं खावंसं वाटत होतं. भूक नव्हती. तरी सगळं. तिचा शब्द आठवला, वाटी काढली, तेवढं खाल्लं आणि उठलो. रोजचं तेच चाललंय. काही दिवस सोपं जातं, काही दिवस जिना चढल्यासारखं. वाटीवाली म्हणतात, ठीक चाललंय, असंच जन्मभर. विजारी जागच्या जागी आहेत.

आता मुद्द्याचं. राखाडी कोट माझ्याकडे आहे. खिडकीशी ती तो घालून बसायची आणि तुम्हाला दाखवायची, "बघा, कसा बसलाय." तो आत घेताना मी कापड कापलं नव्हतं. स्वतःच्या विजारींचं कापलं, तिच्या कोटाचं कापायला हात धजला नाही. सगळं आत दुमडून ठेवलं, कच्च्या टाक्यांनी. खांद्यांचा आणि छातीचा तो कागद समोर होता, मी शहाणा माणूस आहे, मला सगळं कळत होतं. तरी म्हटलं, अंग भरलं तिचं तर कोट सोडता यायला हवा.

म्हणजे कापड भरपूर आहे. ताईनं मला लिहून कळवलं होतं की कोट तुम्हाला दिला. तो तुमचाच आहे. तेव्हा तुमचं माप पाठवा. खरं पाठवा, लाजू नका; चारही बाजूंनी सोडून देईन, तुम्हाला नीट बसेल.

फक्त एक विचारायचं होतं. डाव्या खांद्यातली गादी या खेपेला तिनंच मला काढायला लावली होती, टोचते म्हणून. तिथं कोटाला तिचा उतार आलाय. बाकी सगळं उसवेन. तेवढा एक खांदा तसाच ठेवला तर तुम्हाला चालेल का?

आपला,
तिचा भाऊ